दिवाळी अंकाची चार पानं: कामाच्या नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

सकाळी संपादकांचा फोन. यंदाच्या दिवाळी अंकात चार पानांची रंगीत चित्रकथा हवी आहे. विषय ‘पूर्वीची दिवाळी’, धाटणी जुन्या कॉमिक्सची. “तो पिवळट कागद, ते ठिपके, तो सगळा फील आला पाहिजे, काय?” काम ३१ ऑगस्टपर्यंत हातात हवं. मानधनाचा विषय मी काढला तेव्हा त्यांना नेमका दुसरा फोन येत होता.

काल आषाढी झाली. फ्रिजमध्ये उरलेली साबुदाण्याची खिचडी, गॅलरीत दोन दिवस न वाळलेले कपडे, आणि मी टेबलाशी बसून आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या किती काढाव्यात याचा विचार करतेय. या धंद्यात हे असंच चालायचं. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आमच्या जमातीने पणत्या भर पावसातच काढल्या असणार.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी खटकल्या. ‘पूर्वीची दिवाळी’ म्हटलं की चित्रात वाडाच येतो. चौक, तुळशीवृंदावन, नऊवारीतली आजी, चुलीवर कढई. माझं लहानपण पुण्याच्या कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर गेलं, कढई गॅसवर होती आणि आकाशकंदील ग्रिलला सुतळीने बांधलेला असायचा. म्हणजे माझी ‘पूर्वीची’ सुद्धा त्या चित्रात बसत नाही. दुसरी गोष्ट तो पिवळा कागद. जुनी कॉमिक्स छापून आली तेव्हा पिवळी नव्हतीच! वर्तमानपत्री कागदात लाकडातलं लिग्निन राहून जातं, त्याला हवा आणि उजेड लागला की कागद पिवळा पडतो. ज्या पोराने ते स्टॉलवरून विकत घेतलं त्याच्या हातात पांढराच कागद होता, आणि त्यावर डोळ्यात खुपतील असे भडक रंग. आपण आज म्हातारपणाचे डाग ‘स्टाइल’ म्हणून मागतोय.

फोनवर हे काही बोलले नाही. होकार दिला.

१३ जुलै, रविवार

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पावसामुळे निम्मे विक्रेते आलेच नव्हते. गंजके पाने, नळाच्या तोट्या, कुणाच्या तरी लग्नातला फ्रेम केलेला फोटो, आणि त्यापलीकडे ताडपत्रीखाली पुस्तकं. एकाच ढिगात दोन वेताळ सापडले. एक ‘चांदोबा’त विक्रमाच्या खांद्यावर लोंबणारा, शंकर यांनी रंगवलेला. दुसरा ‘इंद्रजाल’मधला, जांभळे घट्ट कपडे घालून घोड्यावर बसलेला. पहिला मौन मोडलं की उडून जातो, दुसऱ्याला बोलल्याशिवाय चैन पडत नाही.

“ताई, ते इंद्रजाल दोनशेचं आहे.”

“मागचं पान नाहीये याचं.”

“म्हणून तर दोनशे. पान असतं तर पाचशे सांगितले असते.”

घेतलं. मुखपृष्ठावर बॉलपेनने कोणा मुलाचं नाव, पुढे ‘इ. ६ वी ब’, आणि वेताळाच्या मुखवट्याखाली पिळदार मिश्या. ज्याने काढल्या त्याचा हात बरा होता.

घरी आल्यावर भिंग घेऊन बसले. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्सवाल्यांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद केलं. ली फॉकचा वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मात्र त्याच्या कितीतरी आधीचा, फेब्रुवारी १९३६ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज तीन-चार चौकटींच्या पट्टीत येत होता. ही मूळची पट्टी आहे हे पुस्तकात लपत नाही. रोजच्या वाचकाला कालचं आठवावं म्हणून पहिल्या चौकटीत कुणीतरी कालचंच पुन्हा बोलतो. सलग पुस्तकात ते खटकतं, म्हणून संपादक काही चौकटी गाळायचे, काही कापून पानात बसवायचे. माझ्या प्रतीत एका जागी वेताळाचा बुक्का दिसतो आणि बुक्का खाणारा चौकटीबाहेर कापला गेलाय. तरी गोष्ट कळते.

पण खरी मजा रंगांत होती. भिंगाखाली जांभळा रंग जांभळा राहतच नाही. निळे आणि किरमिजी ठिपके शेजारी-शेजारी पसरलेले असतात, जांभळं त्यांना आपला डोळा करतो. माझ्या प्रतीत किरमिजी रंगाची छपाईची प्लेट केसभर उजवीकडे सरकलीय. त्यामुळे वेताळाच्या डाव्या दंडाला निळी किनार आलीय आणि उजव्या दंडाबाहेर, जिथे नुसतं जंगल असायला हवं, तिथे गुलाबी सावली पडलीय. चेहऱ्याचा रंग गालावरून घरंगळून कानामागच्या झाडावर गेलाय. आणि एवढं होऊनही चित्र बिघडत नाही! कारण काळी रेघ. नाक, डोळ्यांच्या पांढऱ्या फटी, अंगठीवरची कवटी, सगळं त्या एका काळ्या रेघेत भरलेलं आहे. रंग छापखान्याच्या मर्जीवर सोडलेला, रेघ नाही. पोरांच्या हातात शेवटी काय जाईल याचा भरवसा नसलेल्या माणसाने काढलेलं चित्र आहे ते.

घ्यायचं असेल तर हे घ्यावं. डाग नकोत.

२४ जुलै, गुरुवार

दिव्यांची आवस. सासूबाईंनी माळ्यावरून समया, निरांजनं, लामणदिवा सगळं खाली काढायला लावलं. पितांबरी, चिंच, जुने टूथब्रश. दुपारपर्यंत ओटाभर पितळ चमकत होतं आणि कुकरमध्ये कणकेचे गोड दिवे वाफवत होते. लेकाला या दिवसाचं ‘गटारी’ हे एकच नाव ठाऊक. आजीने त्याला चिंचेचं बोळकं धरायला लावून दुसरं शिकवलं.

माझी सोय झाली. दिवाळीचं मॉडेल जुलैत घरपोच. समईची ज्योत काळ्या शाईत काढायची तर ती काढायची नसते, तिच्या भोवतीचा अंधार काढायचा असतो. जस्ताच्या लाइन ब्लॉकवर, म्हणजे नुसत्या रेघांच्या ठशावर, छपाई व्हायची तेव्हा करडा रंगच नव्हता. एक तर शाई, नाही तर कागद. मधलं काही हवं असेल तर रेघांची जाळी विणा. मी टॅबलेट बाजूला ठेवून क्रोक्विल या बारीक टोकाच्या निबाने काढून बघितलं. ज्योतीलगतच्या रेघा बारीक आणि विरळ, लांब जाल तशा जाड आणि दाट. हात अवघडला, पण ज्योत पेटली.

अवेळी चित्रं काढणारी मी एकटी नाही म्हणून चार्ल्स शुल्झची आठवण काढते. त्याच्या ‘पीनट्स’ या अमेरिकन चित्रपट्टीत हिवाळा आला की बर्फ पडायचा, पोरं बर्फाची माणसं करायची, गोठलेल्या तळ्यावर घसरायची. तो बर्फ मिनेसोटाचा, शुल्झच्या लहानपणीचा. तो स्वतः १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात राहायला गेला, तिथे कुठला बर्फ? तरी चाळीस वर्षं तो काढत राहिला. गंमत म्हणजे १९६९ मध्ये त्याने सांता रोझात बर्फाचं स्केटिंगचं मैदानच बांधून घेतलं. पैसे असले की संदर्भचित्रं अशी मिळतात. मला पितांबरीवर भागवावं लागतं.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. आणि हास्यचित्रकार शि. द. फडणीसांची शंभरी! जन्म २९ जुलै १९२५.

सकाळपासून त्यांचीच चित्रं बघत बसले. अनंत अंतरकरांच्या ‘मोहिनी’ मासिकाचं ते मुखपृष्ठ, तरुण आणि तरुणी शेजारी-शेजारी, एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. माणसं सभ्यपणे आपापल्या जागी आहेत आणि सगळा उद्योग कापडावर चाललाय. एक शब्द नाही. सत्तरएक वर्षं झाली त्या चित्राला, माझ्या लेकाला दाखवलं तर तो दोन सेकंदांत हसला. त्याला कुणी सांगावं लागलं नाही की हे ‘पूर्वीचं’ आहे. आमच्या पिढीने तर फडणीस नावाने ओळखण्याआधीच पाहिले होते, बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात. गणित आलं नाही, चित्रं राहिली.

मराठी वाचक हास्यचित्र वाचतो तसा बघत नाही अशी माझी जुनी तक्रार आहे. खालची ओळ आधी वाचणार, मग वर नजर टाकणार, मग म्हणणार ‘छान लिहिलंय’. फडणीसांनी ती ओळच काढून टाकली, मग बघण्यावाचून इलाज उरला नाही. ठरलं. माझ्या चारही पानांत संवादांचे फुगे नाहीत.

४ ऑगस्ट, सोमवार

संपादकांना भेटायला अप्पा बळवंत चौकात. दुचाकी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं, भेट पंधरा मिनिटांची.

‘पूर्वीची दिवाळी’ नको, यंदाची काढते, असं सांगितलं. ते म्हणाले, “वाचकांना आठवणी आवडतात हो ताई.” मी म्हटलं, यंदाची दिवाळी पुढच्या वर्षी आठवणच होणार आहे. यावर ते हसले, म्हणजे अर्धं काम झालं. चार पानं सांगितली: चकली, किल्ला, परदेशी निघालेलं फराळाचं पार्सल, आणि पहाटेची पहिली आंघोळ. चारही गोष्टी सणाच्या आधीच्या, फार तर सणाच्या दारातल्या. पणत्यांची रांग आणि अनारांचं झाड कुठेच नाही. जुन्या पट्ट्या चाळताना हेच पुन्हा पुन्हा दिसलं, की चांगला चित्रकार सणाच्या मुख्य दिवसाशी फारसा रमत नाही. त्या दिवशी सगळे नीटनेटके असतात, नवे कपडे घालून हसत असतात, त्यात काय काढणार? आदल्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस कुठल्या तरी स्टुलावर चढलेलं असतं.

‘आवाज’ दिवाळी अंकातल्या, पान उलटलं की निराळंच दिसणाऱ्या खिडकीचित्रांसारखं काही करता येईल का, असंही त्यांनी विचारलं. खिडकी म्हटली की कापणीची डाय आली, पानं दुमडणं आलं, मजुरी आली. दोन मिनिटांत त्यांनीच विषय मिटवला. शेवटी तडजोड अशी: पानं यंदाची, फुगे नाहीत, कागद पांढरा, पण ठिपके ठेवायचे. ठेवते. जिथे रंगाला काही काम आहे तिथेच ठेवते.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखीपौर्णिमा. नारळीभात संपला, चकलीचं पान संपेना.

पानाची कल्पना विन्सर मॅके या जुन्या अमेरिकन चित्रकाराकडून सुचली, हे इथे कबूल करून ठेवलेलं बरं. त्याची ‘लिटल निमो’ ही रविवारची पानं १९०५ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि दीड महिन्यात थँक्सगिव्हिंग आला. अमेरिकेत त्या सणाला घरोघरी टर्की खातात. मॅकेने उलटं केलं. एक अवाढव्य टर्की येऊन निमोचं घरच खायला लागते, आणि पोरगं खाली पडतं. सणाचं जेवण माणसाला जेवतं. फराळ करणाऱ्या कुठल्याही बाईला हे पटायला वेळ लागणार नाही.

तर माझी चकली: पहिल्या चौकटीत आजी सोऱ्या दाबते. पीळ पडायला लागतो आणि थांबतच नाही. ओट्यावरून खाली, फरशीवरून दाराकडे, दाराखालून जिन्यात, जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक वेढा, पार्किंगमधल्या स्कूटरींच्या चाकांमधून रस्त्यावर, आणि रस्त्यावर तीच चकली मिठाईच्या दुकानाबाहेरची माणसांची रांग होते. रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हातात पिशवी, पिशवीत तयार चकलीचं पाकीट, आणि तो आपल्याच आजीच्या घरी चाललाय. चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यांतूनही पीळ सलग जातो, त्यामुळे नजर कुठे जाईल हे मला बाणाने दाखवावं लागत नाही.

अडलं ते काट्यांपाशी. चकलीला काटे हवेत, नाहीतर ती कडबोळं वाटते. सगळे काटे काढले की स्क्रू दिसतो. बाहेरच्या कडेला काढले आणि आतली कड साधी ठेवली की यंत्राचं दातेरी चाक. सासूबाईंना सोऱ्या काढायला लावला, चांदणीची चकती घालून कणकेवरच एक वेढा पाडून घेतला, आणि दिव्याखाली धरून बघितला. उजेड एका बाजूने येतो तेव्हा काटा स्वतः दिसत नाही, त्याची छोटी तिरपी सावली दिसते, आणि ती पिळाबरोबर दिशा बदलते. मग काटे काढणं सोडलं, फक्त सावल्या टाकल्या. तिरप्या, आखूड, निब दाबून उचलत. चकली झाली.

“मोहन कमी पडलेलं दिसतंय,” सासूबाई कागदाकडे बघून म्हणाल्या. “कडक वाटतेय.”

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन, सोसायटीत समोसा आणि जिलबी. किल्ल्याचं पान पेन्सिलीत पूर्ण. यावर फार लिहायला नको, ते आपोआप आलं. एकच नोंद: किल्ल्यावरच्या चित्रांचं प्रमाण मुद्दाम चुकतं ठेवायचं. कुंभारवाड्यातून आणलेले महाराज दरवाजापेक्षा मोठे, मावळे त्यांच्या गुडघ्याएवढे, आणि पायथ्याशी कुठल्यातरी खेळातला हिरवा प्लॅस्टिकचा बंदूकधारी शिपाई. अळिवाची हिरवळ तटबंदीच्या वर गेलेली. प्रमाण सुधारलं की किल्ल्यातलं पोर नाहीसं होतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

तिसऱ्या पानावर बातमी येऊन पडली.

पान असं होतं: पोस्टाच्या खिडकीवर फराळाचा डबा काट्यावर ठेवलाय, वजन जास्त भरतंय. काकू डबा उघडून एक लाडू काढतात. अजून जास्त. लाडू हातात किती वेळ धरणार, खाऊन टाकतात. दुसरा खिडकीमागच्या माणसाला. तिसरा रांगेतल्या मागच्या मुलाला. पाचव्या चौकटीत सगळं पोस्ट ऑफिस खातंय. सहाव्यात काटा बरोबर वजन दाखवतोय आणि काट्यावर रिकामा डबा. हे मी घरीच पाहिलंय, थोडं कमी प्रमाणात. थोरल्या जाऊबाई न्यू जर्सीत आहेत. सासूबाईंची फराळाची धावपळ दिवाळीच्या महिनाभर आधी सुरू होते, कारण डबा वेळेत पोचला पाहिजे.

आणि आजपासून टपाल खात्याने अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सलं घेणं थांबवलंय. तिकडे आयातीवरच्या कराचे नियम बदलले, आठशे डॉलरपर्यंतच्या वस्तूंना मिळणारी करमाफी २९ तारखेपासून जातेय, कर गोळा कोणी आणि कसा करायचा ते नक्की नाही, म्हणून विमान कंपन्या टपाल उचलायला तयार नाहीत. सासूबाईंनी बातमी दोनदा ऐकली आणि विचारलं, “चकलीवर कर?” खासगी कुरिअरवाल्याचा दर विचारला तर त्या पैशांत जाऊबाईंनी तिकडच्या इंडियन स्टोअरमधून दोन दिवाळ्या साजऱ्या केल्या असत्या.

संपादकांना कळवलं. ते म्हणाले, “अंक ऑक्टोबरात येणार, तोवर काय होईल कोणी सांगितलंय? राहू द्या.” मीही राहू दिलं. जुन्या अंकांतल्या चित्रांत रेशनच्या रांगा, रॉकेलचे डबे, टेलिफोनची प्रतीक्षायादी हे सगळं असंच शिरलेलं आहे. चित्रकाराने त्या वर्षीचं काढलं, म्हणून ते आपल्याला आज सापडतं. एकच बदल केला. खिडकीच्या काचेवर एक सूचनापत्रक चिकटवलं, आडव्या रेघांचं, वाचता न येणारं. ज्याला कळायचं त्याला कळेल.

३१ ऑगस्ट, रविवार

काम द्यायची तारीख संपादकांनी पंचांग न बघता दिली होती. आज गौरी आल्या.

बुधवारपासून घरात गणपती, रोज दोन आरत्या, प्रसादाला शेजारीपाजारी. मोदकाच्या उकडीचे हात धुऊन शाईला, शाईचे हात धुऊन उकडीला. चौथं पान मात्र यातच झालं. पहाटेची आंघोळ: अख्खं पान काळं, मध्ये एक पिवळा चौकोन, म्हणजे बाथरूमची खिडकी. प्रत्येक चौकटीत आजूबाजूच्या इमारतींतली एकेक खिडकी उजळत जाते. शेवटच्या चौकटीत सगळ्या खिडक्या पेटलेल्या, फक्त एक काळी, आणि तिच्याबाहेर आई दार वाजवतेय. ठिपके इथे कामाला आले. खिडकीतल्या पिवळ्याचे ठिपके कडेला विरळ होत जातात, तेवढाच धुक्याचा भास.

रात्री अकराला फाइली पाठवल्या.

७ सप्टेंबर, रविवार

मिरवणूक काल सकाळी सुरू झाली, ती आज दुपारीही अलका चौकात चालूच. तीस तासांच्या वर गेली म्हणे. मी दुपारी चहा पिऊन स्केचबुक घेऊन गेले. ढोल-ताशाची पथकं दमलेली, टोलावर टोल पडतच होता, पण खांद्यावरचे पट्टे सैल झालेले. काढलं ते मागचं: सफाई कामगार बायका, आणि त्यांनी फूटपाथच्या कडेला रचलेला चपलांचा ढीग. एकेकटी, जोडी सुटलेली. यावर पुढच्या वर्षी काहीतरी करेन. आत्ता नुसतं काढून ठेवलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

प्रूफ आलं. रंग छान, रेघ मेली.

भिंग लावलं तर काळ्या रेघेच्या कडेने लालसर-निळसर धूसर किनार. कारण लगेच कळलं. ज्यांनी पानं लावली त्यांच्याकडे फाइल पडद्याच्या रंगांतून छपाईच्या चार रंगांत गेली आणि माझी काळी रेघ एकट्या काळ्या शाईत न राहता निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चौघांत वाटली गेली. चार प्लेटा तंतोतंत एकावर एक बसल्या तर ठीक, पण धावत्या यंत्रावर त्या बसत नसतात. मग चकलीच्या काट्यांच्या सावल्या, ज्यांच्यासाठी मी कणीक मळली होती, त्यांचं लोकरीचं सूत झालं.

फोन केला. “ताई, काळा तर काळाच दिसतोय,” असं उत्तर. मग स्वतः गेले. पिशवीत वेताळ होता. टेबलावर ठेवला, भिंग दिलं, म्हटलं, बघा, याचा किरमिजी कुठे गेलाय बघा, आणि रेघ कुठे आहे ती बघा. तिथला पंचविशीतला मुलगा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “हे भारी आहे. मिश्या कोणी काढल्या?” पुढचा अर्धा तास आम्ही दोघांनी बसून रेघेचा थर वेगळा केला, शंभर टक्के काळा, बाकी रंगांवर ओव्हरप्रिंट, म्हणजे त्यांच्या वरून छापायचा. आता रंग घसरले तर घसरोत.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आणि आज ‘पीनट्स’ला पंचाहत्तर वर्षं झाली, पहिली पट्टी २ ऑक्टोबर १९५० ची. टेबल, निब, टॅबलेट, वेताळ यांची पूजा केली. लेकाने टॅबलेटवर झेंडूचं फूल ठेवलं, त्याने पडद्यावर तीन रेघा उमटल्या.

शुल्झची पोरं पन्नास वर्षांत शाळा सोडून कधी पुढे गेली नाहीत. लूसी दर वर्षी फुटबॉल धरते, ऐन वेळी काढून घेते, चार्ली ब्राउन दर वर्षी आपटतो. उलट फ्रँक किंगच्या ‘गॅसोलीन ॲली’ या पट्टीत वॉल्ट नावाच्या माणसाच्या दारात १४ फेब्रुवारी १९२१ ला एक तान्हं बाळ सापडतं, आणि ते वाचकांबरोबर खरोखरीच मोठं होत जातं. शाळा, लढाई, लग्न. पानगळीत वॉल्ट आणि ते पोरगं फिरायला निघाले की मागच्या वर्षीपेक्षा पोरगं उंच झालेलं असतं.

माझ्यापुढे हा प्रश्न आज जेवताना आला. किल्ल्याच्या पानातलं पोरगं मी नऊ-दहा वर्षांचं काढलंय, लेकाला समोर ठेवून. खरा लेक नववीत गेलाय. श्रीखंडाची वाटी पुढे ओढत म्हणाला, “यंदा मी किल्ला नाही करणार हां आई. खालच्या लहान मुलांना फक्त सांगेन.” पुढची चित्रमालिका करायची झाली तर याला वाढवायचं की दहाव्या वर्षी थांबवायचं? मी किंगच्या बाजूने झुकतेय. थांबवलेल्या पोराला दर दिवाळीला तोच किल्ला करायला लावणं मला जमणार नाही, आणि देखरेख करणारा नववीतला दादा हा जास्त विनोदी प्राणी आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

अंक आला. रेघ काळी आहे! चौथ्या पानावर पिवळा रंग किंचित खाली उतरलाय, खिडक्यांचा उजेड भिंतीवर सांडल्यासारखा दिसतो. मला चालेल.

अंक घेऊन येताना नळस्टॉपला अडकले. मेट्रो आणि उड्डाणपूल एकावर एक, खाली आम्ही. याच चौकात मंगेश तेंडुलकर दिवाळीत उभे राहून वाहनचालकांना स्वतः काढलेली वाहतुकीवरची व्यंगचित्रं वाटायचे. सणाची शुभेच्छा आणि कानउघाडणी एकाच कागदावर. २०१७ मध्ये ते गेले. सिग्नल सुटला तेव्हा माझ्या मागच्याने हॉर्न दाबला होता, सुटायच्या आधी.

शेजारच्या काकूंना अंक दाखवला. त्यांनी चकलीचं पान पालथं करून मागेही बघितलं, पीळ तिकडे जातो का ते. मग म्हणाल्या, “गोष्ट छान आहे. कुठे लिहिलीये?”

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. उटणं, मोती साबण, पायाखाली कारीट फोडणं. शेवटी कोण उठलं ते लिहीत नाही. घरात चकल्या निम्म्या केलेल्या, निम्म्या आणलेल्या, आणि दोन्ही एकाच डब्यात, त्यामुळे स्तुती कुणाची करायची हा प्रश्नच नाही.

टपाल खात्याने १५ तारखेपासून अमेरिकेची पार्सलं पुन्हा घ्यायला सुरुवात केली आहे. सासूबाईंचा डबा शनिवारीच गेला. तुळशीच्या लग्नापर्यंत पोचेल अशी आशा. वजन भरल्यावर खिडकीपाशी त्यांनी काही खाल्लं का, हे विचारलं तर उत्तर मिळालं नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज काल झाली, आज संपादकांचा फोन. पानं आवडली, पत्रं येतायत. एका वाचकाने कळवलंय की यात पूर्वीची दिवाळी अगदी डोळ्यांसमोर उभी राहिली. मी काही बोलले नाही.

पुढच्या वर्षी आठ पानं हवीत. मी सांगितलं की पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, दिवाळी नोव्हेंबरात जाते, लक्ष्मीपूजन थेट आठ तारखेला. म्हणजे काम द्यायची तारीखही जरा पुढे सरकायला हरकत नाही, गौरी-गणपतीनंतरची धरू. त्यांनी ‘बघतो’ म्हटलं, पाच मिनिटांनी परत फोन करून सांगितलं की तारीख तीच, ३१ ऑगस्ट. मानधनाचं विचारलं. दुसरा फोन येतोय म्हणाले.